मी आणि माझी तिसरी पायरी

मित्रांनो, मी एक जुने दगडी घर आहे आणि सध्या विकाऊ आहे. रस्त्याकडच्या फाटकावर चार महिन्यांपासून माझी पाटी लटकते आहे. दलालाने ती लावताना मोठ्याने वाचून पाहिली होती: 'जुने, ढंगदार शेतघर. पुढे फुलबाग, मागे भाजीची बाग, सात एकर कुरण. हवा आणि उजेड भरपूर.' त्यातला 'ढंगदार' हा शब्द ऐकून मी चांगलेच फुगले होते. स्तुती मला पहिल्यापासून आवडते, हे लपवून काय उपयोग! उद्या ती पाटी निघेल आणि मी नव्या माणसांचे होईन. त्याआधी माझी गोष्ट तुम्हाला सांगून टाकावी, असे मनात आले. ती सांगताना मला लाज वाटणार आहे, पण सांगते.

माझा जन्म ऐंशी वर्षांपूर्वीचा. थोरल्या मालकांनी आधी जमीन घेतली, मग गुरे घेतली आणि माणसांनाही राहायला जागा लागते, हे त्यांच्या सगळ्यांत शेवटी लक्षात आले. गोठा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे आणि तो मोठेपणा त्याने कधी सोडला नाही. टेकडीवरून बैलगाड्यांनी दगड आला. सुताराने दारे-खिडक्या केल्या. थोरल्या मालकीणबाईंचा हट्ट एकच होता: कणीक मळताना कुरणातली गुरे दिसली पाहिजेत. म्हणून माझ्या स्वयंपाकघराची खिडकी जरा बुटकी, पण चांगली हातभर जास्त रुंद आहे. पुढच्या अंगणात त्यांनी गुलाब लावले. मागे कांदे, घेवडा आणि टोमॅटो. त्यापलीकडे कुरण थेट ओढ्यापर्यंत उतरत जाते.

मला बांधले एका गवंड्याने. बुटका, कमी बोलणारा, कानावर कायम पेन्सिल. भिंतीचा थर चढला की तो ओळंबा सोडायचा, एक डोळा मिटायचा आणि बराच वेळ नुसता बघत राहायचा. त्याने मान हलवली की माझा जीव भांड्यात पडायचा. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून बागेत उतरायला त्याने पाच दगडी पायऱ्या केल्या. त्या अगदी शेवटी, घाईघाईत झाल्या, कारण दुसऱ्याच दिवशी नवे घर पाहायला पाहुणे येणार होते. सकाळी गवंडी येऊन पाहतो तर खालचा भराव दबलेला, आणि वरून तिसरी पायरी दोन बोटे खाली बसलेली.

"मालक, तिसरी पायरी चुकली," तो म्हणाला. "दगड उचलतो, खाली खडी ठोकतो आणि परत बसवतो. आजचा दिवस द्या."

"आज? अहो, तासाभरात माणसं येतील! असू दे. दोन बोटांनी काय बिघडतंय?"

"पाय मोजून उतरतो, मालक. एक पायरी वेगळी निघाली की तो फसतो."

"मग आमचे पाय शिकतील की!" थोरले मालक हसले.

गवंडी हत्यारांची पिशवी उचलून निघून गेला. मला त्याचा भयंकर राग आला होता. सगळे जण माझे कौतुक करत असताना हा एकटाच माझे व्यंग काढत होता.

आणि पाय खरोखरच शिकले. पहिल्या दोन पायऱ्या सरळ उतरायच्या, तिसरीला गुडघा थोडा जास्त वाकवायचा, हे घरातल्या लहानथोरांच्या अंगवळणी पडले. मोठ्या टोपल्या डोक्यावर घेऊन, बोलत, भांडत, माणसे उतरायची आणि कुणाचा पाय चुकायचा नाही. चुकायचा तो फक्त पाहुण्यांचा. पाहुणा मागच्या दाराकडे वळला की स्वयंपाकघरातून सगळे एका सुरात ओरडायचे, "तिसरी!" पाहुण्याला काही कळायच्या आत त्याचा तोल जायचा, आणि मग हसण्याचा नुसता धुमाकूळ. मीसुद्धा हसायचे. बाकीची घरे सगळी सारखीच असतात, असे मला वाटायचे. ही पायरी आहे म्हणूनच मी चारचौघांत उठून दिसते.

थोरल्या मालकांचा मुलगा, म्हणजे माझे आताचे मालक, लग्न होऊन जोडीने आले, तेव्हा नवी सून सात दिवस रोज अडखळली. आठव्या दिवशी ती पाण्याची भरलेली बादली घेऊन, वर आकाशाकडे बघत, थेंबही न सांडता बागेत उतरली. थोरले मालक दारात उभे होते. "झाली, आमची झाली!" असे म्हणत त्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून आमच्या घरची ही परीक्षाच ठरली.

या परीक्षेत नापास झाल्या त्या धाकट्या सूनबाई, मालकांच्या मुलाची बायको. पहिल्याच भेटीत त्यांचा पाय मुरगळला. त्यानंतर त्या मागच्या दाराने कधीच उतरल्या नाहीत. पुढच्या दाराने बाहेर पडायच्या, गुलाबांच्या कडेने मला अख्खा वळसा घालायच्या आणि बागेत यायच्या. "आल्या पाहुण्या!" असे म्हणून सगळे त्यांना अकरा वर्षे चिडवत राहिले. एकदा त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "मला भीती वाटते रे, एवढंच." मी ऐकले आणि त्यांच्यावर रुसले. आता वाटते, त्या सगळ्यांत शहाणे माणूस बहुधा तेवढे एकच होते.

तो गवंडी पुढे आणखी दोनदा आला. एकदा कौले बदलायला. काम संपल्यावर हात धुताना त्याने पुन्हा विषय काढला आणि पुन्हा सगळे हसले. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते, हातात काठी होती आणि सोबत मुलगा होता, तोही गवंडीच. म्हातारा पायऱ्यांवर टेकला आणि तिसऱ्या दगडावर हात ठेवून म्हणाला, "मालक, मला आता उचलवणार नाही. पोरगा करील. पैसे नकोत."

आताचे मालक म्हणाले, "गवंडीबुवा, ही पायरी सरळ केलीत तर आम्हाला आमचं घर तरी ओळखू येईल का?"

म्हातारा ओशाळून हसला आणि चहा घेऊन गेला. मालकांचे ते बोलणे मी कितीतरी वर्षे कुरवाळत बसले. आपल्या माणसाने आपली बाजू घ्यावी, यापेक्षा मोठे सुख ते काय, असे मला वाटायचे. आपले भले चिंतणारा आताच काठी टेकत फाटकाबाहेर गेला, हे मला समजले नाही.

वर्षे गेली. मालकांची थोरली मुलगी, जिला सगळे ताई म्हणतात, शहरात संसाराला लागली. धाकटे चिरंजीव त्याहून लांब गेले. गुरे कमी झाली, मग संपली. मालकीणबाई सहा वर्षांपूर्वी गेल्या आणि मालक माझ्यात एकटे उरले. सकाळी दूधवाली यायची, तेवढाच माणसाचा आवाज. गुलाब रानटी वाढले. भाजीच्या बागेत एका माणसापुरता घेवडा राहिला. मालक मात्र रोज सकाळी मागच्या दाराने उतरून कुरणाच्या टोकापर्यंत जायचे, ओढ्याचे पाणी बघायचे आणि परत यायचे. ताईला त्याची काळजी वाटायची. ओल्या गवतात त्यांचे जुने, तळ झिजलेले बूट घसरतील म्हणून दीड वर्षापूर्वी तिने जाड रबरी तळाचे नवे बूट आणले. दुकानात अर्धा तास घालवून, तळव्याला बोट घासून घासून तिने ते निवडले होते.

दुसऱ्या दिवशी ताई शहरात परत गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी टेबलापाशी बसून नवे बूट चढवले, नाड्या बांधल्या आणि पाय पुढे करून जरा कौतुकाने पाहिले. मग मागचे दार उघडले. पहिली पायरी. दुसरी पायरी. गुडघा आता पूर्वीसारखा वाकत नव्हता. पाय खाली गेला, जिथे दगड असायला हवा तिथून तो दोन बोटे खाली होता, आणि गुडघ्याने दगा दिला. बूट बिचारे शेवटपर्यंत दगडाला घट्ट धरून होते. मालक पायऱ्यांवरून बागेत कोसळले. मी ओरडू शकले नाही. दूधवालीने त्यांना पाहिले, तोवर अर्धा तास झाला होता. खुब्याचे हाड मोडले होते.

ताई धावत आली. मालकांना पुढच्या खोलीत पलंगावर ठेवले होते, शहरातल्या दवाखान्याच्या गाडीची वाट बघत. "बाबा, कसं झालं हे?" तिने विचारले.

मालकांनी मागच्या दाराकडे पाहिले. मला वाटले, आता माझे नाव निघणार. मग ते तोंड फिरवून म्हणाले, "बूट सरकला गं."

आणि मित्रांनो, तुम्हाला खरे सांगते, तेव्हा मला हायसे वाटले. माझ्या माणसाने मला वाचवले, एवढेच मला दिसले. ताईचा चेहरा कसा झाला, तो मी पाहिलाच नाही. आज तो चेहरा मला सारखा आठवतो.

मालक शहरात ताईकडे गेले ते गेलेच. हाड जुळले, पण चालणे वॉकरवर आले. ताई मधूनमधून मला झाडायला-पुसायला यायची. एकदा तिने ते बूट कपाटातून काढले, हातात घेऊन खूप वेळ बसली आणि पुन्हा आत ठेवून दिले. तेव्हा ती फोनवर भावाला म्हणाली, "मीच पाडलं रे त्यांना. त्यांचे जुने बूट काय वाईट होते? मलाच मेलीला शहाणपणा सुचला." तिने हे वडिलांजवळ कधी काढले नाही. त्यांच्यासाठी साधी चप्पल घ्यायची झाली तरी ती आता दुकानात दुसऱ्या कुणाला पाठवते, असेही त्या फोनवर ऐकले. दगडाला बोलता येत नाही, याचे मला त्या दिवशी फार वाईट वाटले. पण बोलता आले असते तरी मी खरे बोलले असते का, याची खात्री मला देता येत नाही.

शेवटी मला विकायचे ठरले. दलाल आला. उत्साही गडी. फोटो काढत मागच्या दाराने उतरताना त्याचा तोल गेला आणि तो भिंतीला धरून खिदळला. "वा! ह्याला म्हणतात कॅरेक्टर! लोकांना असलं काहीतरी आवडतं. फक्त आधी सांगू नका हं, ताई."

बरीच माणसे येऊन बघून गेली. कुणाला कुरण मोठे वाटले, कुणाला खोल्या लहान. मग एक बेकरीवाल्या बाई आल्या, सोबत त्यांची आई. आईला दिसायचे कमी. बाईंनी भिंती ठोकून पाहिल्या, चुलीच्या धुराड्यात डोके घातले, आणि मी त्यांना आवडले. इतक्यात त्यांची आई बागेच्या वासाने मागच्या दाराकडे वळली.

"तिसरी!" ताई ओरडली.

म्हाताऱ्या बाईंना कसली तिसरी कळणार? त्या पुढे कलंडल्या. ताईने धावत जाऊन त्यांना दंडाला धरले म्हणून बरे. त्या सावरल्या, पण ताई मात्र तिथेच खाली बसली. ती म्हाताऱ्या बाईंच्या पायांकडे पाहत होती. पायात साध्या, सपाट, चार वर्षे वापरलेल्या चपला होत्या.

"हे बघा, घर मला पसंत आहे," बेकरीवाल्या बाई म्हणाल्या. "पण आधी ही पायरी दुरुस्त करा. मग बोलू."

त्या गेल्यावर ताईने तिथूनच भावाला फोन लावला. धाकटे चिरंजीव फार हळवे. पलीकडून त्यांचा आवाज माझ्यापर्यंत येत होता.

"ताई, ती पायरी म्हणजे आपलं घर आहे गं! आजोबांची आठवण आहे ती. तिला हात लावू नकोस. दुसरं गिऱ्हाईक बघू."

"अरे, हाड मोडलंय बाबांचं त्या आठवणीनं!" ताई म्हणाली. "तुझी बायको अकरा वर्षं वळसा घालून जायची आणि आपण हसायचो. आपण काय येडे होतो का रे?"

तिने फोन ठेवला आणि गवंड्याच्या घरी निरोप धाडला.

गवंड्याचा मुलगा आला. आता तोही साठीला टेकलेला. त्याने पायऱ्यांवर पाणसळ ठेवली, टेप लावला आणि मान हलवली. "आमचे वडील शेवटपर्यंत म्हणायचे, एका घराचं माझं एक काम राहिलंय." त्याने पहारीने दगड उचलला, खालची माती उकरली, खडी ठोकली, पाणी मारले, पुन्हा ठोकले आणि दगड परत बसवला. सगळे काम एका दिवसात आटोपले, त्यातही मधे तासभर जेवायला बसला. ऐंशी वर्षांत कुणाला सापडला नाही असा तो एक दिवस.

मित्रांनो, तुमच्याही घरात असे काहीतरी असेल. डुगडुगणारा कठडा, झटका देणारा एखादा स्विच, अंधारी मोरी. सगळ्यांना सवय झालेली असेल, पाहुणा फसला की सगळे हसत असतील. त्या गोष्टीवर तुमचे प्रेम असले तरी ती दुरुस्त करा. जो ती दाखवून देतो, त्याला चहा पाजून वाटेला लावू नका. घराला कौतुकापेक्षा डागडुजीची गरज जास्त असते, हे मला फार उशिरा उमगले.

आता कालची गोष्ट राहिली.

काल दुपारी ताई मालकांना शेवटचे घर दाखवायला घेऊन आली. वॉकर टेकत ते सगळ्या खोल्यांतून फिरले. रुंद खिडकीपाशी थांबले. मग मागच्या दारात आले आणि त्यांना पायऱ्यांच्या सांध्यांतले ताजे सिमेंट दिसले.

"हे कुणी केलं?"

"मी करून घेतलं," ताई म्हणाली. "पायरीनं पाडलं तुम्हाला, बाबा. बूट नव्हते. तुमच्याही लक्षात आलं नसेल. पण मला कळलं, आणि दीड वर्षानं पहिल्यांदा मला शांत झोप लागली."

मालक काहीच बोलले नसते तरी चालले असते. ताई समाधानाने परत गेली असती. पण ते वॉकरची मूठ घट्ट धरून उभे राहिले आणि म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय?"

"पडलो तेव्हाच. पाय टेकायला दगडच नव्हता तिथं. बूट नव्हता सरकला."

"मग मी विचारलं तेव्हा?"

"पायरी म्हटलं असतं तर तुम्ही भावंडं म्हणाला असतात, हे घर राहण्यासारखं नाही. घराला नाव ठेवलं असतंत. म्हणून म्हटलं, बूट. बुटाला काय, निर्जीव वस्तू."

"बूट मी आणले होते, बाबा."

दीड वर्षात ही गोष्ट मालकांच्या ध्यानीमनीही आली नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होते. ताई पाचही पायऱ्या भराभर उतरली, बाग ओलांडून कुरणात गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. गवत तिच्या गुडघ्याला लागत होते.

मालकांनी एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा पायऱ्यांकडे. मग वॉकर बाजूला ठेवला, चौकट धरून कण्हत कण्हत खाली बसले आणि लहान मुलासारखे बसल्या बसल्या एकेक पायरी सरकत उतरायला लागले. तिसऱ्या पायरीवर ते आले तेव्हा मला आशा वाटली की ते तिच्यावरून एकदा हात फिरवतील. त्यांनी फिरवला नाही. तळहात टेकवून ते पुढच्या पायरीवर सरकले. खाली पोहोचल्यावर त्यांना उठता येईना.

"ताई," त्यांनी हाक मारली. ती वळली नाही. "ताई, चुकलो गं मी! दगड सांभाळले मी, आणि तुला..."

मग मात्र ती वळली. घेवड्याच्या वाफ्यातून, पदराला पाने अडकत, धावत आली. तिने त्यांना काखेत हात घालून उठवले. दोघेही रडत होते. त्यांना पुन्हा पायऱ्या चढवायच्या नाहीत म्हणून ती त्यांना कुरणाच्या फाटकाकडून गाडीपर्यंत घेऊन गेली. फार हळू जात होते ते; चार पावले टाकायचे, थांबायचे, पुन्हा चार पावले. वॉकर माझ्या दारातच राहून गेला.

सत्तर-पंच्याहत्तर वर्षे ते माणूस माझ्या बाजूने उभे राहिले होते. काल फाटकातून बाहेर पडताना ते माझ्याकडे वळून पाहतील म्हणून मी डोळे लावून बसले होते. त्यांनी नाही पाहिले. ताईच्या खांद्यावर हात टाकून ते तिला काहीतरी सांगत होते, आणि ती मान हलवत ऐकत होती.